पंढरीत राहणाऱ्यांचे गाऱ्हाणे

आषाढ शुद्ध एकादशी समीप आली की अवघ्या महाराष्ट्राच्या वाटा पंढरीकडे वळतात. वृत्तपत्रांची पृष्ठे पालख्यांचे मुक्काम, रिंगणे, मानाचे अश्व यांच्या वर्णनांनी भरून जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु हा सोहळा ज्या गावी जाऊन विसावतो, त्या गावात बारा महिने तेरा काळ राहणारीही काही माणसे आहेत, याचे स्मरण सहसा कोणास होत नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे पंढरपूर नगरीची वस्ती एक लाखाच्या थोडी आतच होती. आषाढीस तेथे दहा-बारा लाखांचा समुदाय उतरतो. घरात चार माणसे असावीत आणि एके दिवशी चाळीस पाहुणे दारात उभे राहावेत, असे हे प्रमाण आहे.

कीर्तनाच्या निमित्ताने आम्ही विदर्भ-खानदेशापासून कोकणपट्टीपर्यंत हिंडतो. 'कीर्तनकार पंढरपूरचे' असे कळताच माणसे वाकून नमस्कार करतात. "महाराज, तुमचे भाग्य थोर! देव तुमच्या दारात, चंद्रभागा तुमच्या अंगणात!" असे म्हणतात. आम्ही हात जोडतो. त्या भाग्यात शंका नाही. तथापि गावी परत येऊन कट्ट्यावर चार घटका बसले की जे कानी पडते, ते भाग्याचे वर्णन नसते. नळाला पाणी कधी आले, गटार कोठे तुंबले, बोळात कोणाची गाडी अडकली, दर्शनाची रांग कोणाच्या उंबऱ्याला टेकली, या वर्षी दुधाचा भाव कोठवर चढला, रस्तारुंदीत कोणाचे घर जाणार, हीच चर्चा असते. पंढरीचा मनुष्य पंढरीविषयी जितकी तक्रार करतो, तितकी परगावचा कोणी करीत नसेल.

'तक्रार' हा शब्द अरबी वळणाचा. मुळात त्याचा अर्थ 'पुनरुक्ती'. तीच ती गोष्ट पुनःपुन्हा सांगणे, ती तक्रार. आमच्या गावाला हा मूळ अर्थच अधिक शोभतो, कारण आमच्या वडिलांच्या तोंडी जे होते तेच आज नातवंडांच्या तोंडी आहे. 'गाऱ्हाणे' हा दुसरा शब्द संस्कृत 'गर्हणा' या घरातला. परंतु मराठीने त्याला देवाच्या पायरीवर आणून बसविले. कोकणात देवळापुढे जे घालतात ते गाऱ्हाणेच, आणि गवळणींतून गोपिका यशोदेच्या अंगणात जे घेऊन जातात तेही गाऱ्हाणेच. तक्रार कचेरीत करावयाची. गाऱ्हाणे आपल्या माणसाजवळ सांगावयाचे. पंढरीत या दोहोंची सरमिसळ झाली आहे. ती निवडून ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम गर्दी. जुन्या पंढरपुरातील वाड्यांत वारीच्या दिवसांत घरची मंडळी माळ्यावर किंवा मागल्या खोलीत जात आणि माजघर, ओसरी, पडवी वारकऱ्यांना मोकळी होई. अमुक गावची माणसे अमुक वाड्यात, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा ऋणानुबंध असे. येताना ती शेतातली ज्वारी, तूरडाळ, गुळाची ढेप आणीत. जाताना चुरमुरे, बुक्का, कुंकू आणि तुळशीची माळ नेत. त्याला कोणी भाडे म्हणत नसे. आता पुष्कळ वाड्यांच्या जागी लॉज उभे राहिले, मठांच्या इमारती चढल्या, आणि एका रात्रीच्या खोलीचा भाव ऐकून गरीब वारकरी वाळवंटाकडे किंवा पैलतीरावरच्या ६५ एकरांच्या तळाकडे वळतो. गावाविषयी परगावच्यांची जी तक्रार आहे ती मुख्यतः हीच, आणि ती खोटी नाही. गाव यात्रेवर जगते. चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी या चार वाऱ्यांवर प्रासादिक विकणाऱ्यापासून टाळ-मृदंग घडविणाऱ्यापर्यंत सर्वांची वर्षाची चूल अवलंबून असते. ज्याच्यावर पोट भरते त्याच्याच विषयी कुरकुर करणे शोभत नाही, असे आमच्या परिचयातील एक शास्त्रीबुवा म्हणत असत. आम्हांस हे अर्धेच पटते. पोट भरते ते दुकानदाराचे. त्याच बोळात राहणारी शिक्षिका, पोस्टातला कारकून, वृद्ध विधवा यांना यात्रेतून काय मिळते? त्यांच्या वाट्यास लोखंडी अडथळे येतात.

या अडथळ्यांचे दुःख परगावच्यास कळावयाचे नाही. दर्शनाची रांग गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते हे सर्वांस ठाऊक आहे. त्या वारकऱ्याची सोशिकता पाहून डोळे भरून येतात. परंतु ज्यांची दारे प्रदक्षिणामार्गावर किंवा मंदिराच्या भोवतालच्या गल्ल्यांत उघडतात, त्यांना दशमी-एकादशीस दारातून बाहेर पडणे म्हणजे पूर आलेली नदी ओलांडणे. आमच्या आळीतील एका लेकीला ऐन एकादशीच्या रात्री कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिका चौकापलीकडे थांबली. चार तरुणांनी तिला खाटेवर घेतले आणि पुढे एकजण "वाट द्या माऊली, वाट द्या" असे ओरडत निघाला. वारकऱ्यांनी वाट दिली. वाट दिली एवढेच नव्हे, तर एका दिंडीतल्या बायाबापड्यांनी दोन्ही बाजूंनी हातांची साखळी धरली. लेक सुखरूप बाळंत झाली. ही कथा सांगताना लोक वारकऱ्यांच्या माणुसकीचे कौतुक करतात, आणि आम्हीही करतो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर असे मनात येते की दरवर्षी एका मोठ्या नगराइतका समाज जेथे येतो, तेथे आजारी माणसाला बाहेर काढण्याची वाट खाटेवर आणि कोणाच्या तरी आरोळीवर अवलंबून का असावी?

आता चंद्रभागा. संस्कृतात एक सुभाषित आहे. अतिपरिचयाने अनादर उत्पन्न होतो, असे सांगून कवी दृष्टांत देतो की प्रयागात राहणारा मनुष्य गंगा सोडून विहिरीवर स्नान करतो. हे सुभाषित आम्ही विद्यार्थ्यांना अनेक वेळा शिकविले. पंढरपूरकरही आज चंद्रभागा सोडून घरातल्या नळाखाली स्नान करतो, आणि पाहुणे हसून म्हणतात, "काय हो, दिव्याखाली अंधार!" येथे सुभाषितकाराची क्षमा मागून सांगावे लागेल की हा अनादर नव्हे. भीमेच्या वरच्या अंगाला पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही महानगरे आहेत. मुळा-मुठेतून त्यांचे सांडपाणी भीमेत येते, ते उजनीच्या जलाशयात साठते. हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, त्याची साठवण सुमारे ११७ टीएमसी आहे, आणि त्याने सोलापूर जिल्ह्याच्या शेतीला नवा जन्म दिला हेही तितकेच खरे. परंतु नदी स्वतःच्या मनाने वाहावयाची थांबली. आता ती पाटबंधाऱ्याच्या कागदावर वाहते. उन्हाळ्यात पात्रात डबकी उरतात, वारी जवळ आली की पाणी सोडण्याची मागणी होते, पाणी येते, आणि वारकऱ्यास वाटते की चंद्रभागा भरून वाहत आहे. जोराचा पाऊस झाला तर उजनीचे आणि वीर धरणाकडून नीरेवाटे येणारे असे दोन्ही पाणी एकदम गावाच्या उंबऱ्याशी येते. त्यात वाळूउपशाने पात्रात खड्डे पडलेले. वरून पाणी शांत दिसते आणि परगावचा भाविक खड्ड्यात जातो. गावातल्या कोळी बांधवांनी अशा किती जणांना बाहेर काढले असेल, त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

तेव्हा विहिरीवर स्नान करणाऱ्या त्या प्रयागवासीयाकडेही जरा सहानुभूतीने पाहिले पाहिजे. कदाचित त्याच्याही काही अडचणी असतील!

'नमामि चंद्रभागा' ही योजना २०१६ मध्ये शासनाने घोषित केली, तेव्हा घाटावर आनंद झाला होता. नदी निर्मळ करणे हे एका गावाच्या हाती नाही, हे त्या योजनेने निदान मान्य केले. मात्र गावकऱ्यांनी वरच्या महानगरांकडे बोट दाखवून स्वस्थ बसावे, असेही नाही. घाटाच्या अंगाने ज्या मोऱ्या नदीकडे उतरतात त्या काही पुण्याच्या नाहीत. नदीचे गाऱ्हाणे सांगणाऱ्यांपैकी कित्येकांच्या दुकानातील निर्माल्य आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या द्वादशीच्या रात्री कोठे जातात, हे चंद्रभागेस ठाऊक आहे.

अलंकारशास्त्रात लक्षणेचे एक ठरलेले उदाहरण आहे: 'गंगेवर गवळीवाडा'. नदीच्या प्रवाहावर वस्ती असणे शक्य नाही, म्हणून 'गंगा' शब्दाचा अर्थ 'गंगेचा तीर' असा घ्यावयाचा, असे शास्त्रकार सांगतात. आमच्या गावात आषाढीस हे उदाहरण लागू पडत नसे. वाळवंटात, म्हणजे प्रत्यक्ष नदीच्या पात्रात, राहुट्या पडत, चुली पेटत, कीर्तने रंगत. मुख्यार्थच सिद्ध होई! तो देखावा ज्यांनी पाहिला ते धन्य. पण त्या देखाव्याची दुसरी बाजू कीर्तनात कोणी सांगत नसे. लाखो माणसे, अपुरी शौचकूपे, आणि दुसऱ्या दिवशी पात्र व गल्ल्या हातांनी स्वच्छ करणारे सफाई कामगार. मानवी विष्ठा हातांनी उपसण्यास कायद्याने १९९३ साली बंदी केली, २०१३ मध्ये त्याहून कडक कायदा झाला, तरी पंढरीच्या यात्रेत ते काम चालूच राहिले. शेवटी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०१४ पासून न्यायालयाच्या आदेशांनी शौचकूपांची संख्या वाढली, वाळवंटातील राहुट्यांवर बंधने आली, पैलतीरी ६५ एकरांवर वारकऱ्यांच्या तळाची व्यवस्था झाली. त्या वेळी पुष्कळ धर्मनिष्ठांना हा परंपरेवरचा घाला वाटला. आम्हांस तसे वाटले नाही. ज्या वाळवंटात संतांनी उच्चनीच भेद पुसला असे आम्ही उच्चरवाने सांगतो, त्याच वाळवंटात काही विशिष्ट घरांतल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या इतरांची घाण उचलावी, यात कोणती परंपरा होती? चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी याच गावात प्राण पणाला लावून उपोषण केले आणि मंदिराची दारे सर्वांना उघडली. गावातल्या सफाई कामगाराचे गाऱ्हाणे कोणत्याही कट्ट्यावर ऐकू येत नसे, कारण तो कट्ट्यावर बसतच नसे.

आरोग्याची चिंता तर फार जुनी. एकोणिसाव्या शतकात यात्रेबरोबर पटकीची साथ येई आणि परतणाऱ्या दिंड्यांबरोबर ती गावोगाव जाई. १९०६ साली बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी कुर्डुवाडीहून पंढरीस आली, आणि वाढत्या यात्रेबरोबर ही काळजीही वाढली. पुढे लस टोचून घेण्याची सक्ती आली. दंड धरून रांगेत उभे असलेले वारकरी जुन्या पिढीने पाहिले आहेत. पटकी आता इतिहासजमा झाली, पण द्वादशीनंतर गावात उठणाऱ्या माश्या आणि जुलाब-तापाचे रुग्ण यांची ओळख प्रत्येक घराला आहे.

देवळाविषयीचे गाऱ्हाणे निराळे. बडवे-उत्पातांच्या काळात भाविकांच्या तक्रारी होत्या. १९७३ मध्ये मंदिराचा कायदा झाला, त्यावर चार दशके न्यायालयात वाद चालला, आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने वंशपरंपरागत हक्क संपुष्टात आले. व्यवस्था बदलली. गावातल्या म्हातारीला मात्र पूर्वी सकाळी फुलाची परडी घेऊन सहज आत जाता येई, ते आता रांगेशिवाय शक्य नाही. ती नामदेव पायरीशी येते, डोके टेकते, कळसाकडे पाहते आणि भाजी घेऊन घरी जाते. तिची याबद्दल तक्रार आहे काय, असे आम्ही एकदा विचारले. ती म्हणाली, "तो काय मला ओळखत नाही का?" त्यापुढे आम्ही काय बोलणार?

परंतु सध्या गावात ज्या गोष्टीने झोप उडविली आहे ती घराची. मंदिराभोवतालचा परिसर मोकळा करून प्रशस्त मार्ग करावा, अशी आखणी २०२२ पासून चर्चेत आहे. तिला 'कॉरिडॉर' असे नाव पडले. गल्ल्या अरुंद आहेत, चेंगराचेंगरीचे भय खरे आहे, आणि लाखोंच्या जीविताचा प्रश्न चार भिंतींपेक्षा मोठा आहे, हे आम्ही मान्य करतो. मात्र जे वाडे जावयाचे त्यांत माणसे राहतात, त्यांच्या देवघरांत पिढ्यांचे देव आहेत, खालच्या गाळ्यात कुंकवाचे दुकान आणि वरच्या मजल्यावर आजारी सासरे आहेत. मोबदला मिळेल, पण मंदिराच्या सावलीतल्या दुकानाचा मोबदला गावाबाहेरच्या भूखंडाने भरून निघत नाही. २०२२ च्या अखेरीस गावात बंद, मोर्चे, फलक असा क्षोभ उसळला तो या भीतीपोटी. त्यात काहींच्या तोंडून परराज्याच्या मुख्यमंत्र्यांना पूजेस बोलावण्याची भाषा निघाली, ती आम्हांस मुळीच रुचली नाही. पंढरीचा कानडा देव आमचा आहेच. त्यासाठी सीमावादाची भाषा कशाला?

या प्रसंगी पुंडलिकाची कथा जरा निराळ्या अंगाने पाहावीशी वाटते. पंढरीचा आद्य रहिवासी कोण? पुंडलिक. देव दारात आला तेव्हा तो मातापित्यांच्या सेवेत गुंतला होता. त्याने वीट भिरकावली आणि देवाला थांबावयास सांगितले. देव थांबला, अद्याप थांबलेला आहे. आद्य शंकराचार्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या पांडुरंगाष्टकातही पुंडलिकाला वर देण्यासाठी आलेल्या देवाचेच वर्णन आहे. या क्षेत्राचा पायाच असा की गृहस्थाचे घरातले कर्तव्य प्रथम, आणि अखिल ब्रह्मांडाचा स्वामी अंगणात वाट पाहत उभा. ज्या गावात देवाने घरमालकाची सवड होईपर्यंत कळ काढली, त्या गावात आखणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी घराघरांत बसून चार गोष्टी ऐकून घ्याव्यात, ही मागणी अवाजवी नाही. आणि गावकऱ्यांनीही हे ध्यानी घ्यावे की पुंडलिकाने देवाला विटेवर उभे केले, त्या विटेचे भाडे घेतले नाही.

गोपिकांच्या गाऱ्हाण्याविषयी आरंभी बोललो. कीर्तनात आम्ही सांगतो की कृष्णाने मडकी फोडली म्हणून यशोदेकडे धावत येणाऱ्या त्याच गोपी, ज्या दिवशी तो त्यांच्या घरी फिरकत नाही त्या दिवशी कासावीस होतात. श्रोते मान डोलावतात. २०२० च्या आषाढीस हे आमच्या गावाने प्रत्यक्ष भोगले. मंदिर १७ मार्चपासून भाविकांना बंद होते. पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एसटीच्या गाड्यांतून आल्या. १ जुलै रोजी एकादशी होती आणि गावात संचारबंदी. ज्या महाद्वारात त्या दिवशी पाऊल ठेवावयास जागा नसते, तेथे पोलीस तेवढे उभे. चंद्रभागा वाहत होती आणि घाटावर कोणी नव्हते. आमच्या शेजारच्या आजी तीस-चाळीस वर्षे वारीच्या गोंगाटाने हैराण होत. "एकदा ही माणसे जाऊ देत, मग कान शांत होतील" हे त्यांचे ठरलेले वाक्य. त्या दिवशी त्या दिवसभर खिडकीत बसून होत्या. संध्याकाळी आम्हांस हाक मारून म्हणाल्या, "बुवा, निदान तुम्ही तरी टाळ वाजवा हो." आम्ही ओसरीवर उभे राहून कीर्तन केले. श्रोते घरचे चौघे, आणि समोरच्या खिडकीत त्या.

मंदिर नोव्हेंबरात पाडव्यास उघडले. मध्यंतरी १४ ऑक्टोबरला पावसात कुंभार घाटाजवळ नव्या बांधकामाची भिंत कोसळून सहा जण प्राणास मुकले. ते वर्ष गाव विसरणार नाही.

पुढच्या वाऱ्या पुन्हा भरल्या आणि आजींची तक्रारही पूर्ववत सुरू झाली, हे ऐकून वाचकांना बरे वाटेल.

यात्रेस येणाऱ्या भाविक मंडळींना एक-दोन गोष्टी गावकऱ्यांच्या वतीने सांगाव्याशा वाटतात. स्नानानंतर जुने वस्त्र नदीत सोडण्याची रूढी काहींत आहे, ती सोडावी. पात्रात ओळखीच्या पायवाटेपलीकडे खोल जाऊ नये. आणि गल्लीत कोणाच्या दारात विसावा घेतलात तर निःसंकोच घ्यावा, पण उंबऱ्यापुढे हातभर जागा मोकळी ठेवावी. आत कोणी आजारी असेल.

वारीच्या काळात भाविकांना अखंड दर्शन व्हावे म्हणून देवाचा पलंग काढून ठेवतात. रात्रंदिवस उभा राहून देव शिणतो, म्हणून त्याच्या पाठीशी लोड देतात. यात्रा पांगल्यावर प्रक्षाळपूजा होते. त्या दिवशी पायांना लिंबू-साखर चोळून देवाला ऊन पाण्याने स्नान घालतात, रात्री काढा देतात, आणि पलंग पुन्हा शेजघरात येतो. गावातल्या बायकाही त्या सुमारास आपापले उंबरे, पायऱ्या, अंगणे खळखळून धुतात, माळ्यावर चढविलेली भांडी खाली काढतात आणि वारकऱ्यांनी मागे विसरलेल्या काठ्या-घोंगड्या कोनाड्यात नीट ठेवून देतात. कार्तिकीला तीच माणसे येतात, तेव्हा ज्याचे त्याला मिळते.